आईचा खांदा आणि सिद्ध वैद्यक : काढे-गोळ्या सोडून बाकीचं

सेलैयूरकर

नऊ वर्षं चेन्नईत काढली, पण मागच्या वर्षापर्यंत कुणी 'सिद्ध' (तमिळनाडूचं पारंपरिक वैद्यक) म्हणजे काय विचारलं असतं तर 'इकडचा आयुर्वेद' एवढं बोलून मी मोकळा झालो असतो. मग आईचा खांदा धरला.

आई कराडची. बाबा गेल्यावर तिला इकडे आणलं. वय ६८, पंधरा वर्षांची मधुमेही. उजवा हात आधी दुखायचा, मग वर जाईनासा झाला. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी 'फ्रोजन शोल्डर' सांगितलं. मधुमेह्यांत जास्त दिसतो, वर्ष-दोन वर्षांत, कधी तीन वर्षांत बहुतेक सुटतो, तोवर व्यायाम करा म्हणाले आणि व्यायामांचा कागद दिला. कागद फ्रिजवर लागला. आई त्याच्याकडे बघून फ्रिज उघडायची आणि बंद करायची. शिवाय रोज पहाटे तीनला जाग.

शेजारच्या मामी म्हणाल्या, 'सॅनटोरियमला घेऊन जा.' तांबरमच्या अलीकडे लोकलचं स्टेशनच आहे तांबरम सॅनटोरियम. १९२८ साली तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं, त्यावरून हे नाव. राष्ट्रीय सिद्ध संस्था तिथेच आहे, २००५ पासून. तिच्या रुग्णालयाला अयोत्तिदास पंडितरांचं नाव दिलंय. हे गृहस्थ (१८४५–१९१४) स्वतः सिद्ध वैद्य होते आणि तमिळ दलित चळवळीतलं मोठं नाव. आपल्याकडे त्यांची ओळख फारशी नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तपासणी बघण्यासारखी असते. नाडी, स्पर्श, जीभ, रंग, आवाज, डोळे, मल, मूत्र असे आठ प्रकार. त्याखेरीज 'मणिक्कडै नूल', म्हणजे मनगटाचा दोरा. मनगटाच्या घडीपासून चार बोटं वर हाताभोवती दोरा गुंडाळायचा आणि त्याची लांबी रुग्णाच्याच बोटांनी मोजायची. तरुण डॉक्टरीणबाईंनी दोरा काढला तशी आईने लगेच डोळे मिटून हात जोडले. तिला वाटलं गंडा बांधतायत! बाईंनी मोजलं, आकडा लिहिला, दोरा टाकून दिला. आई नंतर रिक्षात म्हणाली, 'बांधला का नाही गं बाईनं?'

दुसऱ्या दिवशी सकाळची लघवी न्यायची होती. काचेच्या पसरट भांड्यात ओतून तिळाच्या तेलाचा एक थेंब वरून सोडतात आणि न हलवता बघत बसतात. थेंब सापासारखा लांबला तर वादम (वात), अंगठीसारखा पसरला तर पित्तम, मोत्यासारखा जागीच राहिला तर कबम (कफ). तेरैयर नावाच्या सिद्धांनी (या वैद्यकाच्या जुन्या आचार्यांपैकी एक) हे पद्यात सांगून ठेवलंय. आमचा थेंब लांबला. यावर माझा विश्वास बसला का? नाही. पण पाच माणसं एका थेंबाकडे श्वास रोखून बघतायत हे दृश्य मात्र डोक्यातून जात नाही.

निदान 'कुंभवादम'. त्यावर आधी एक दिवस रेचक (जुलाबाने वादम उतरतं, हे त्यांचं सूत्र), मग पोटात घ्यायचं थोडं औषध. पण भर सगळा बाहेरच्या उपचारांवर : 'तोक्कणम' म्हणजे तेलाचं मर्दन, 'ओट्रडम' म्हणजे पुरचुंडीचा शेक, आठवड्यातून दोनदा तेल लावून न्हाणं, सकाळी बसून श्वास आणि हाताचे व्यायाम. व्यायाम तेच! फ्रिजवरच्या कागदावरचेच, भिंतीवर बोटं चढवायची वगैरे. मधुमेहाच्या गोळ्या आणि आमचे नेहमीचे डॉक्टर चालूच ठेवा असं त्यांनी आपणहून सांगितलं, हे मला आवडलं.

मर्दन करणाऱ्या बाई तिरुनेलवेलीकडच्या. त्यांना मराठी नाही, आईला तमिळ नाही. त्या हात वर नेताना विचारायच्या, 'वलिक्कुदा?' म्हणजे दुखतंय का. आईला ऐकू यायचं 'वळतो का?' आणि ती ठणकावून सांगायची, 'नाही वळत!' सूर एवढा दुखरा असायचा की बाई हात सोडायच्या. तीन आठवडे दोघींचा संवाद या एका शब्दावर बिनचूक चालला.

साडेतीन महिने झाले. हात दुसऱ्या फळीपर्यंत जातो, वेणी घालता येते. झोप साडेचार-पाचपर्यंत लागते. आपल्यापैकी कुणी सिद्धचे, त्यातही औषधाशिवायचे उपचार घेतलेत का? घरी काय करता येतं? आणि कुठे सांभाळावं?

निशिगंधा_७२

छान लिहिलंय. 'बांधला का नाही गं' ला फुटले 😀

तेल लावून आठवड्यातून दोनदा न्हायचं म्हणजे आपलं अभ्यंगस्नानच की. आपण दिवाळीच्या चार दिवसांत उरकतो आणि वर्षभर शॅम्पू. नीट कृती द्या ना.

सेलैयूरकर

देतो. 'एण्णै कुळियल' म्हणतात. दिवाळीच्या पहाटे इकडे एकमेकांना 'गंगास्नानम आच्चा?' म्हणजे 'झालं का गंगास्नान?' असं विचारतात, तेव्हा तुमचं बरोबरच आहे. पण इथल्या जुन्या घरांत ते वर्षभर चालतं. बायकांचे वार मंगळवार-शुक्रवार, पुरुषांचे बुधवार-शनिवार. तेरैयरांच्या दिनचर्येत 'चार दिवसांतून एकदा तेलन्हाण चुकवू नये' असं आहे. तिथेच दीड महिन्याने नस्य (नाकात औषध), चार महिन्यांनी रेचक, सहा महिन्यांनी वमन (उलटीचं औषध) असं सगळं कॅलेंडर लावलेलं आहे. काल शिजवलेली भाजी अमृत असली तरी आज खाऊ नये, हेही. (आमच्या घरात फ्रिजमुळे या कलमाचा रोज भंग होतो.)

तेल तिळाचं. तमिळमध्ये तिळतेलाला नावच 'नल्लेण्णै', म्हणजे चांगलं तेल. बाकीची तेलं काय ती समजून घ्या. वाटीभर तेल कोमट करायचं, मामी त्यात चार मिरे आणि चिमूटभर जिरं टाकतात. ते तडतडलं की उतरवायचं. टाळू, कान, मान, पाठ, सांधे, तळपाय. अर्धा तास बसायचं आणि मग ऊन पाण्याने शिकेकाई किंवा 'अरप्पु' नावाच्या हिरवट पाल्याच्या पुडीने काढायचं. त्या दिवशी दही नाही, गार पाणी नाही आणि दुपारची झोप अजिबात नाही. हे शेवटचं आईला सगळ्यात जड गेलं, कारण तेल लावून न्हायल्यावर जी गुंगी येते ती काही औरच. पण दुपार जागून काढली की रात्री ती गाढ झोपते. कारण तेल की जागरण, हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक : न्हाणीघराची फरशी तेलाने निसरडी होते. पहिल्याच शुक्रवारी आई घसरता घसरता वाचली. आता खाली रबरी चटई आणि बसायला प्लास्टिकचं स्टूल.

वैद्यबुवा

मी आयुर्वेदाचा, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

'सिद्ध म्हणजे तमिळ आयुर्वेद' असं आमच्यातलेही म्हणतात. ते अर्धंच खरं. वात-पित्त-कफ दोन्हीकडे आहेत, वनस्पतीही पुष्कळ सामायिक. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ नीतिग्रंथात औषधावर दहा कुरळांचं (दोन ओळींच्या पद्यांचं) प्रकरण आहे, ९४१ ते ९५०. त्यातल्या पहिल्याच कुरळात म्हटलंय की वातादी तीन गोष्टी वाढल्या किंवा घटल्या की रोग होतो. पुढच्यात, आधीचं पचल्याची खात्री करून मग जेवलं तर शरीराला औषध लागणारच नाही असं आहे. म्हणजे हा विचार त्या भाषेत फार जुना आहे.

पण फरक बघा. आमच्याकडे बाल्य कफाचं, तारुण्य पित्ताचं, म्हातारपण वाताचं. सिद्धमध्ये उलटं : बालपण वाताचं आणि म्हातारपण कफाचं. दुसरं, त्यांच्याकडे खनिज आणि धातूंची परंपरा फार मोठी. तिसरं म्हणजे मांडणी. पोटात द्यायच्या औषधांचे ३२ आणि बाहेरून करायच्या उपायांचेही ३२ प्रकार. बाहेरच्या ३२ मध्ये लेप, पट्टी, वाफारा, शेक, पोटीस, मर्दन हे तर आहेतच, डाग देणं आणि जळवा लावणंसुद्धा. बाह्य उपचारांना पोटातल्या औषधांच्या बरोबरीने खुर्ची दिलीय, हे मला लक्षणीय वाटतं. आमच्याकडे पेशंटला लेप दिला की तो विचारतो, 'आणि औषध?'

तोक्कणमचे नऊ प्रकार सांगतात. थोपटणं, दाबणं, पकडणं, पिळणं, ओढणं, हलवणं वगैरे. आपल्या गावाकडच्या मालिशवाल्याच्या हाताला हे सगळे येतात, त्याच्याकडे फक्त नावं नसतात.

शंकासुर

लेख चांगला आहे, मातोश्रींना बरं वाटतंय याचा आनंद आहे. आता मीठ-मिरची.

१. फ्रोजन शोल्डर आपोआप सुटतो, हे तुम्हीच वर लिहिलंय. मग साडेतीन महिन्यांच्या सुधारणेचं श्रेय कुणाला?

२. 'खनिज आणि धातूंची मोठी परंपरा' हे वाक्य वैद्यबुवांनी फार सहज टाकलं. पारा, हिंगूळ (पाऱ्याचं खनिज), हरताळ, सोमल (ही दोन्ही आर्सेनिकची) यांच्याबद्दल बोलतोय आपण. 'शुद्ध केलंय' हे शब्द कानाला बरे लागतात, पण मूत्रपिंडाला संस्कृत किंवा तमिळ कळत नाही. मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला तर आधीच ओझं असतं.

३. मनगटाच्या दोऱ्यावरून भविष्य वर्तवणं आणि तेलाच्या थेंबात साप बघणं, याला मी काय म्हणू?

वैद्यबुवा

दुसऱ्या मुद्द्यावर भांडणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत परिशिष्ट ई(१) आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या विषारी द्रव्यांची ती यादी. त्यातलं काही असेल तर वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. कुणी बिनलेबलाची लाल-काळी पुडी दिली तर घेऊ नका, मग तो सिद्धवाला असो की आमचा.

सेलैयूरकर

शंकासुर, १ ला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी तसा दावाही केलेला नाही. २ बद्दल : आईच्या औषधांची नावं मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतली आणि आमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवली. धातूंचं काही असेल तर नको, असं तिथे स्पष्ट सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायची रक्ततपासणी) आधी तपासलं, मग दोन महिन्यांनी पुन्हा. जैसे थे.

३ वर तुमच्याच बाजूने आहे. पण आठ प्रकारांची तपासणी करायची म्हणजे बाईंना पंचवीस मिनिटं आईला हात लावत, जीभ बघत, प्रश्न विचारत बसावं लागलं. 'मुलगा बोलेल, तू गप्प' असं नाही, मी दुभाष्या आणि उत्तरं आईची. रात्री काय स्वप्नं पडतात हेसुद्धा विचारलं. आई म्हणाली, 'कराडच्या घराला कुलूप लावायचं राहिलं असं पडतं.' मला हे माहीतच नव्हतं.

तंजावूरची_सून

धागा उघडला आणि राहवलं नाही. आमचं सासर तंजावरचं मराठी. सिद्ध वैद्यकाचा आणि मराठ्यांचा संबंध थेट आहे, इथे कुणी कसा काढला नाही?

दुसरे सरफोजीराजे, गादीवर १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालय आज जे आहे ते त्यांच्या नादामुळे. त्यांनी 'धन्वंतरी महाल' नावाची संस्था चालवली. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती असे सगळे वैद्य एका छताखाली. औषध द्यायचं, गुण आला का बघायचं, नोंद ठेवायची. गुणकारी ठरलेल्या उपायांची तमिळ पद्यात रोगवार संकलनं झाली, ती 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ'. शरभेंद्र म्हणजे आपले सरफोजीच. नेत्ररोग्यांच्या नोंदी तर डोळ्यांच्या चित्रांसकट आहेत. शंकासुरांना आवडेल असा राजा : थेंबावर भागवायचं नाही, पुढे रोग्याचं काय झालं तेही लिहायचं.

बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख बघायला आपले लोक बसने येतात, फोटो काढतात आणि कुंभकोणम गाठतात. ग्रंथालयाच्या संग्रहालयात अर्धा तास थांबा हो.

आमच्या आजेसासूबाई प्रसूतीनंतरची चाळीस दिवसांची न्हाणी सांगायच्या ती मराठीतून, पण जिन्नस सगळे तमिळ नावांचे. सुंठ म्हटलेलं त्यांना कळायचं नाही, 'सुक्कु'च.

शंकासुर

वरच्या प्रतिसादाला मनापासून दाद. नोंद ठेवणारा राजा हवाच. आता तशी नोंद ठेवणारे दवाखानेही दाखवा.

नागरकोविल_मेल

बँकेच्या बदलीमुळे कन्याकुमारी जिल्ह्यात चार वर्षं होतो. 'वर्मम'चं, म्हणजे शरीरातली मर्मस्थानं दाबून करायच्या उपचाराचं, माहेरघर ते. अडिमुरै नावाची तिथली युद्धकला आहे. जिथे मारलं तर माणूस आडवा होतो, तिथेच योग्य दाब दिला तर उठतो, असा त्यातला हिशेब. स्थानं १०८ मानतात : १२ 'पडुवर्मम', जी जिवावर बेतणारी, आणि ९६ 'तोडुवर्मम'. विद्या वडिलांकडून मुलाकडे, आसानकडून शिष्याकडे जायची. आसान म्हणजे वस्ताद समजा. आपल्या तालमीतला वस्ताद जसा खांदा निखळला तर बसवतो, तसेच हे. ताडामाडावरून पडलेल्या माणसाला आधी आसानकडे न्यायचे.

तिथे एका म्हाताऱ्या आसानकडे माझी कंबर बरी झाली होती. त्या भरवशावर निवृत्तीनंतर महाराष्ट्रात परत आल्यावर एका 'वर्म केंद्रा'त गेलो. नाव घेत नाही. मानेचा त्रास होता. त्या मुलाने विचारपूस न करता मान दोन्ही हातांत धरून झटका दिला. कट् असा आवाज आला. दोन दिवसांनी उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या सुरू झाल्या, त्या सात महिने टिकल्या. एमआरआय, गळपट्टा, सगळं झालं. आता ठीक आहे. वाईट याचं वाटतं की त्या म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी मला हातसुद्धा लावला नव्हता. नुसतं चालायला, वाकायला लावलं आणि 'उद्या या' म्हणाला होता.

म्हणून सांगतो : हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, ताप असेल, नुकतंच पडला असाल, तर दाब-झटका घेऊ नका. आणि मानेला झटका कुणालाच देऊ देऊ नका. समोरच्याचं शिक्षण विचारा. सिद्धची साडेपाच वर्षांची पदवी असते, आठ दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट.

निशिगंधा_७२

बाप रे. काळजी घ्या.

ओटीवर

मनाच्या बाजूबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहिते. मी पंचवीस वर्षं मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक आहे.

सेलैयूरकर, पहाटे तीनला जाग, कुलपाचं स्वप्न, व्यायामाच्या कागदाकडे बघून फ्रिज बंद करणं, हे खांद्याचं दुखणं नव्हे. किमान तेवढंच नव्हे. भूक, कंटाळा, 'आता काय उरलंय' अशी भाषा, हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर नैराश्यासाठी तपासून घ्यावं. तेल-न्हाणं त्याच्याबरोबर चालू द्यावं, त्याच्याऐवजी नको.

सिद्धमध्ये मनोविकारांचा विचार आहे. 'किरिगै' या नावाखाली अठरा प्रकार वर्णन केलेत. आणि ही गोष्ट पोथीपुरती नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण याची व्याख्या आहे, त्यात सिद्धच्या 'सिरप्पु मरुत्तुवम' या शाखेचा पदव्युत्तर पदवीधरही धरलाय. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

त्याच कायद्याच्या ९५ व्या कलमात रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी आहे. ती का घालावी लागली हे तमिळनाडूला नीट ठाऊक आहे. ६ ऑगस्ट २००१, रामनाथपुरम जिल्ह्यातलं एरवाडी. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्यात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जागच्या जागी जळून गेली. त्यात सिद्ध वैद्यकाचा दोष नाही, तो विषयच वेगळा. पण 'औषधाविना बरं करतो' हे वाक्य ऐकलं की मला एरवाडी आठवतं. ज्याला खरोखर औषधाची गरज आहे त्याला 'औषधाविना' हा शब्द फार महाग पडतो. स्किझोफ्रेनिया, दोन टोकांचा मनोविकार (बायपोलर), आत्महत्येचे विचार, इथे गोळ्या बंद करायच्या नाहीत. प्राणायामानेही नाहीत.

श्वासाचं काय शिकवलं, तेही सांगा. प्रमाण काय?

सेलैयूरकर

ओटीवर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आईला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आलो. सौम्य नैराश्य म्हणाले, गोळी लगेच नको, पंधरा दिवसांनी परत या, चालू आहे ते चालू ठेवा. आई बाहेर येऊन म्हणाली, 'हे डॉक्टर चांगले आहेत, पण हात लावून बघत नाहीत.'

श्वास : तिरुमूलर या सिद्धांच्या तिरुमंदिरम या तमिळ ग्रंथातलं प्रमाण सगळे सांगतात. डाव्या नाकपुडीने १६ मात्रा घ्यायचा, ६४ रोखायचा, उजवीने ३२ मात्रा सोडायचा. ते ऐकूनच मला धाप लागली होती. पण आईला रोखायला लावलंच नाही. रक्तदाब आहे म्हणून. मनात चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, दहा मिनिटं. आई आकडे मोजत नाही. घेताना 'राम कृष्ण', सोडताना 'हरि' लांबवते. चालतं म्हणाले.

आता शंकासुरांच्या पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. काल मर्दन करणाऱ्या बाई रजेवर होत्या म्हणून घरी मी तेल लावायला बसलो. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. मला ते अवघड वाटत होतं, आईच्या पाठीला मी कधी हात लावला होता? लहानपणी बसलो असेन पाठुंगळीला. बोटं कुठे दाबायची ते तीच सांगत होती, 'खाली, डावीकडे, तिथं गाठ आहे बघ.' मधेच म्हणाली, 'तुझे बाबा गेल्यापासून त्या बाईचाच काय तो हात लागला मला.' आणि मग लगेच, 'तेल सांडतंय, बघ.'

दीड वर्ष झालंय बाबांना. घरात आम्ही चौघं आहोत.

शंकासुर

माझा प्रश्न मागे घेतो असं नाही, पण या प्रतिसादापुरता बाजूला ठेवतो.

वैद्यबुवा

🙏

कुडाळचो_झील

विषय गंभीर झालाय, पण अवांतर विचारतो. २०१२ च्या डेंग्यूच्या साथीपासून तमिळनाडू सरकार निलवेंबू कुडिनीर (काढा) वाटायचं, त्यातलं निलवेंबू म्हणजे आपलं किराईत ना? आजी पावसाळ्यात रविवारी सकाळी पकडून पाजायची, तोंड दुपारपर्यंत कडू.

तंजावूरची_सून

किराईतच, पण हिरवं, ओलं वापरतात ते. बाजारात मिळणारं काड्यांचं हिमालयातलं चिराईत वेगळं झाड. निलवेंबू कुडिनीरमध्ये नऊ जिन्नस असतात : निलवेंबू, वाळा, चंदन, नागरमोथा, सुंठ, मिरी, कडू पडवळ आणि अजून दोन. कोविडच्या वेळी गाजलं ते कबसुर कुडिनीर, त्यात पंधरा. पण धागा औषधाशिवायच्या उपचारांचा आहे, तेव्हा धागाकर्ते रागावण्याआधी थांबते.

कुडाळचो_झील

धन्यवाद. आजीची माफी मागायला पाहिजे होती.

पुण्याहून_पुष्पा

आमच्या सासऱ्यांचा पण खांदा तसाच आहे. पुण्यात सिद्धचं काही ठाऊक नाही. शेक तरी घरी करता येईल का? कृती आणि पथ्य दोन्ही सांगा प्लीज.

सेलैयूरकर

आधी खांदा नक्की काय आहे ते डॉक्टरांना दाखवून घ्या. पडल्यामुळे असेल तर प्रश्न वेगळा.

आमच्याकडे 'नोच्ची'चा पाला वापरतात, म्हणजे आपली निर्गुंडी. पुण्यात टेकडीच्या कडेने, ओढ्याच्या काठाने मिळते. पानांखाली पांढरट लव असते, चोळली की उग्र वास येतो. दोन मुठी पाला जाडसर चिरायचा, लोखंडी तव्यात चमचाभर तिळतेलावर परतायचा. पाला मऊ पडला की जुन्या सुती धोतराच्या फडक्यात मूठभर बांधायचा. अशा दोन पुरचुंड्या हव्यात, एक तव्यावर आणि एक खांद्यावर. आधी तेल लावायचं, मग खांद्यापासून कोपराकडे दाबत यायचं, घासायचं नाही. पंधरा मिनिटं. पाला मिळाला नाही तर जाडं मीठ भाजून.

ऊब आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बघायची, मग त्यांच्या. मधुमेही असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण त्यांना कधी कधी चटका कळतच नाही. पायाला शेक द्यायचाच नाही. शेकून झालं की लगेच हात हलवायचे व्यायाम, तेव्हाच तो जरा सैल असतो. खरं काम त्या व्यायामाचंच, असं तिथल्या बाईंनीही सांगितलं.

पथ्य म्हणाल तर आंबट बंद होतं. चिंचेशिवाय आमटी म्हणजे आईच्या लेखी पाप, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. आणि औषध चालू असेतो हादगा खायचा नाही. इकडे 'अगत्ति कीरै' म्हणतात. ती औषधाचा गुण मारते असं समजतात. एरवी द्वादशीला उपास सोडताना हीच भाजी मानाने वाढतात.

पुण्याहून_पुष्पा

खूप आभार. तेल परतताना मिरे-जिरे यातही घालायचे का? आणि तुमच्या आईंना विचारा ना, सकाळी बरं की रात्री?

सेलैयूरकर

मिरे-जिरे फक्त न्हाण्याच्या तेलात. सकाळ की रात्र, ते आईला विचारून सांगतो. आत्ता ती बाहेर येणार नाही तासभर, आज शुक्रवार आहे. शेजारच्या मामीही आल्यात. दार लोटलेलं आहे आणि आतून 'वळतो का?' 'वळतो, वळतो' असं चाललंय, आणि यावेळी विचारणारी आई आहे.